उलटं राहिलेलं सतरावं पान

भाविका माझ्या दुकानात येते तेव्हा निम्मीच आलेली असते. उरलेली निम्मी कुठे राहिली, हे विचारायच्या भानगडीत मी पडत नाही, कारण ती खरंच सांगत बसते. "संघा, आज सकाळी मी खाडीवर होते," असं म्हणाली की समजायचं, ही अंजूरच्या आपल्या घराच्या गच्चीवर मांडी घालून बसली होती आणि टॅबवर खाडी काढत होती. खाडी घरापासून दहा मिनिटांवर आहे. पण तिथे बाई चालत जाणार नाहीत. त्यांना ती काढायची असते.

मी संघरत्ना. भिवंडीत माझं छपाईचं छोटं दुकान आहे. लग्नपत्रिका, बिलबुकं, जयंतीचे बॅनर, सगळं करते. मागच्या भिंतीला लागून लूमचा कारखाना, त्यामुळे माझं दुकान दिवसभर बारीक थरथरत असतं. येणारं गिऱ्हाईक कानाला हात लावतं. भाविकाला मात्र त्या खटखटीत गुंगी येते. स्टुलावर बसून ती डोळे मिटते आणि म्हणते, "थांब, एक चौकट दिसतेय." आमची ओळख कॉलेजातली. तेव्हाही ही अशीच होती, आणि तेव्हाही मला तिचा राग यायचा. स्वप्नाळू माणसांच्या वाटणीचं जागं राहायचं काम दुसऱ्या कुणाला तरी करावं लागतं. बारा वर्षं ते मी करते आहे.

पोटापाण्यासाठी ती मानकोलीच्या एका गोदामात खोक्यांवरची लेबलं डिझाइन करते. ड्युटी दुपारची, त्यामुळे सकाळ तिची. त्या सकाळीत तिच्या तीन गोष्टी चाललेल्या असतात. एक गोदामातल्या मांजरीची. ती दर रविवारी चार चौकटींत येते आणि फोनवर लोक ती हसून पुढे पाठवतात. दुसरी एका लूमची. तो कामगारांच्या झोपेतली स्वप्नं विणतो आणि सकाळी ताग्यावर निळी नदी निघते, असं काहीतरी. ती दोन वर्षांपासून अकराव्या पानावर अडली आहे. लूमला पुढे काय वाटतं ते अजून कळलं नाही म्हणे. आता लूमला काय वाटणार? पण मी गप्प बसते.

तिसरी गोष्ट तिच्या आईची. त्या गोष्टीचं नाव फक्त 'कमळा'.

कमळा काविळीने गेली तेव्हा भाविका अडीच वर्षांची होती. तिला आईचं काही म्हणजे काही आठवत नाही. घरात एकच फोटो, लग्नातला. त्यात मुंडावळ्या आणि खाली घातलेली मान, बाकी अंदाज. बाबा, म्हणजे केसरीनाथ, बायकोचं नाव निघालं की उठून बाहेर जातात. मग ही गावातल्या बायकांकडे जाऊन बसायची. आई चालायची कशी, हसताना तोंडावर पदर घ्यायची का, भाताचा भारा कसा उचलायची? त्या सांगतील ते लेबलांच्या मागच्या कोऱ्या बाजूवर टिपायची आणि सकाळी काढायची. बत्तीस पानांची गोष्ट, एका दिवसाची. कापणीच्या दिवसांत कमळा पहाटे घरातून निघते, खारातल्या, खाडीकाठच्या शेतात दिवसभर भात कापते आणि संध्याकाळी लेकीकडे परत येते. एवढंच. त्यात कुणीच बोलत नाही. "आईचा आवाज मला माहीत नाही गं," भाविका म्हणाली होती, "मग तिच्या तोंडात शब्द कुठून घालू?" हे ऐकून मी दुकानाच्या मागच्या बाजूला जाऊन उगाच कागदाची रिमं मोजली.

तिचं काम बघायला मला आवडतं, हे तिला कधी सांगितलेलं नाही. आधी निळ्या रेघांचा गोंधळ घालते. मग तो इतका फिका करते की नुसतं धुकं उरावं, आणि त्याच्यावर काळ्या रेघेने चित्र पक्कं करते. एकावर एक काचा ठेवाव्यात तसे थर असतात आणि प्रत्येक थराला तिने नाव दिलेलं असतं. आभाळ, बांध, भात, बाया. सगळ्यात वरच्या थराचं नाव आई. एखादा थर मिटवला की शेतातून सगळ्या बाया नाहीशा होतात, आणि पिवळ्या भातात एकटी कमळा उभी राहते. भाविका तशीच बघत बसते. चहा गार होतो.

आणखी एक सवय. चित्र होत आलं की ती बोटाने ते आरशातल्यासारखं उलटं करते. डावं उजवीकडे, उजवं डावीकडे. आपला डोळा आपल्या चुकांना सरावलेला असतो, चित्र उलटलं की वाकडं नाक लगेच वाकडं दिसतं, असं तिचं म्हणणं. चूक सुधारायची आणि पुन्हा सुलटं करायचं. दर पानाला दहा-वीस वेळा.

एवढं करूनही कमळा जिवंत होत नव्हती. पाच वर्षांत भाविकाने तिला शेकडो वेळा काढलं असेल. चित्र देखणं व्हायचं, पण गावातल्या बाया बघायच्या आणि मान हलवायच्या. "बरी हाय. पन कमळी न्हाय." का नाही, ते कुणाला सांगता यायचं नाही. कमळेबरोबर खारात राबलेल्या बाया एकेक करून गेल्या. राहिल्या त्या धोंडूबाई. शेजारच्या आळीतल्या, कमळेच्या जोडीदारीण. त्यांच्याही एका डोळ्याला मोतीबिंदू धरलेला. भाविकाचं एकच म्हणणं होतं. धोंडूकाकींनी एकदा, फक्त एकदा, चित्राकडे बघून म्हणावं, ही कमळी. त्यांनी म्हटलं नाही, तर मग जगात असं म्हणणारं कुणी उरणार नव्हतं. "मग मी एका बाईचं चित्र काढलंय एवढंच," ती म्हणाली. इतकं सरळ ती क्वचित बोलते.

या हिवाळ्यात मुंबईत कॉमिकवाल्यांचा एक छोटा मेळावा होता. तिथे मांडायला पन्नास पुस्तिका छापायचं ठरलं. मी कच्ची प्रत काढली. डोळ्यांत तेल घालून तपासली म्हणजे तपासलीच, असा माझा लौकिक आहे आणि मी तो मिरवतेही. रविवारी ती प्रत घेऊन आम्ही दोघी अंजूरला गेलो. रिक्षातून दोन्ही बाजूंना गोदामांचे पांढरे पत्रे, आणि मध्येच एखादं राहिलेलं शेत. भाविका त्या शेताकडे पाहून ओळखीचं हसली.

पडवीत गुणाबाई सुकट निवडत बसल्या होत्या. गुणाबाई म्हणजे भाविकाची आत्या. भावाचा संसार उघडा पडला तेव्हा माहेरी आल्या त्या कायमच्या, आणि भाविकाला त्यांनीच वाढवलं. करारी बाई. भाचीच्या चित्रांकडे त्यांनी कधी वळून पाहिलं नव्हतं. "त्या काचेन काय बगाचा?" एवढ्यावर विषय संपायचा. थोड्या वेळाने धोंडूबाई आल्या, भिंतीला टेकल्या आणि प्रत बऱ्या डोळ्यासमोर धरून एकेक पान उलटू लागल्या.

पहाट गेली. बांधावरची वाट गेली. शेत आलं. त्या "हं, हं" करत होत्या आणि त्या प्रत्येक हुंकाराबरोबर भाविका जरा जरा विझत होती. मला ते बघवेना, म्हणून मी सुकटीतल्या काड्या वेचू लागले.

सतराव्या पानावर त्यांचा हात थांबला.

"ही कमळी," त्या म्हणाल्या.

धोंडूबाईंनी पान आणखी जवळ नेलं. "हीच. अगो पोरी, तुला कोनी सांगला? ती डावरी व्हती ता?"

मी उठून पान पाहिलं. सतराव्या पानावर एकच मोठं चित्र. बाया ओळीने वाकून भात कापताहेत, मधोमध कमळा, आणि प्रत्येकीच्या डाव्या हातात विळा. भाविका चित्र तपासायला उलटं करून पुन्हा सुलटं करायची विसरली होती, आणि मीही तसंच छापलं होतं. पानावर अक्षर असतं तर शेंबडं पोरही ओळखतं. गोष्ट मुकी म्हणून चूक माझ्या तेलातून निसटली.

"काकी, चुकलंय ते," भाविका कशीबशी म्हणाली. "पान उलटं राहिलंय." तिने पिशवीतून टॅब काढला, तेच पान उघडून धोंडूबाईंसमोर धरलं आणि बोट लावलं. सगळ्या बाया उजव्या झाल्या.

"आता गेली," धोंडूबाई म्हणाल्या.

पुन्हा बोट लावलं.

"आली."

भाविकाने किती वेळा तसं केलं, मला आठवत नाही. आई यायची, आई जायची. पडवीत ऊन होतं, सुकटीचा वास होता, आणि समोर काचेवर एक बाई येत-जात होती. लूमच्या खटखटीतसुद्धा मला कधी गुंगी आली नाही. तिथे मात्र आपण जागे आहोत की नाही असं झालं.

"पन मदी कशाला उबी केलीस तिला?" धोंडूबाई एकदम म्हणाल्या. "मदी न्हाय उबी राहाची ती. डाव्या हातान इळा चालवाची. बाजूच्या बाईचा हात कापं ना? म्हनून तिला नेमी कडेला ठेवाचो, बांदाला. माज्या अंगठ्याला एकदा लागला व्हता, ह्यो बग." त्यांनी अंगठा पुढे केला. त्यावर खरंच एक जुना पांढरा वण होता. भाविकाने तो दोन्ही हातांत धरला. आईने जगात उमटवलेली एवढी एकच रेघ तिला बघायला मिळाली होती, आणि ती रडू लागली.

बाई डावखुरी होती, हे पाच वर्षांत एकीनेही सांगू नये? मी तसं बोलूनही दाखवलं, जरा चढ्या आवाजात. धोंडूबाईंनी गुणाबाईंकडे पाहिलं. "ह्यांच्या घरातला बोलना. आमी कशाला काडू?"

गुणाबाईंचे हात सुकटीवर थांबले होते.

"आमच्या आईला, तुज्या आजीला, न्हाय खपं," त्या शेवटी म्हणाल्या. "डाव्या हातान वाडते, डाव्या हातान दिवा लावते, घराला बरा न्हाय. चार मानसांत नावा ठेवली तिला. ती बिचारी जेवाला वाडताना डावा हात पदरात गुंडालून घेई. शेतान तेवडा सोडं." मग भाविकाकडे न बघता त्यांनी पुढचं सांगितलं. "तू पन तशीच व्हतीस. भाकरीला डावा हात, खडूला डावा हात. ती गेली आन मी तुजा हात बांदला. लुगड्याच्या चिंदीन, कमरेला. दोन मयने. तू रडाचीस. मी न्हाय सोडला. तिला बोलली तशी तुला लोका बोलतील, म्हनून."

मला इतका राग आला की बोलायला गेले असते तर तोडूनच बोलले असते. पण भाविका माझ्याआधी बोलली. तिने आपला डावा हात समोर धरला होता आणि नवाच बघावा तसा बघत होती.

"आत्या, मला काहीच आठवत नाही," ती म्हणाली. "ना आई, ना हे."

"मला आठवतंय ना," गुणाबाई म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज फुटला. त्यांना रडताना मी कधी पाहिलं नव्हतं. त्यांच्यावर रागावणं मग मला जमेना.

छपाई अर्थातच राहिली. मेळावा गेला. सगळी पानं नुसती उलटवून भागणार नव्हतं. कमळेला ओळीच्या मधून काढून बांधाशी, कडेला न्यायचं होतं, म्हणजे प्रत्येक चित्र नव्याने. महिन्याभराने मी अंजूरला गेले ते तिला जरा ओरडायच्या तयारीने.

सकाळची वेळ. गच्चीच्या कठड्यापलीकडे धुकं इतकं दाट की गोदामं बुडालेली, खाडी कुठे सुरू होते ते कळेना. भाविका मांडी घालून बसली होती आणि पेन तिच्या डाव्या हातात होतं. रेघ पहिलीतल्या पोरीसारखी वाकडी. उजव्या हाताची सफाई तिच्यात कुठेच नव्हती. तरी बांधाशी वाकलेली ती बाई आता उठून कपाळावरचा घाम पुसणार, असं मला वाटलं आणि ओरडायचं राहूनच गेलं.

डाव्या हाताला सवय नव्हती. पेनचा जोर जास्त पडायचा आणि टॅब मांडीवरून सरकायचा. समोर गुणाबाई फतकल घालून बसल्या होत्या. दर वेळी टॅब सरकला की त्या तो ओढून जागेवर आणत. शेवटी त्यांनी तो दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवला.

"काड," त्या म्हणाल्या. "मी धरलाय."