विनिपेगला जाणारा फोटो

कुमुदताई कुठलाही फोटो मधून बघायला सुरुवात करत नसत. चष्मा कपाळावर सरकवायचा, फोन डोळ्यांजवळ आणायचा आणि वरच्या डाव्या कोपऱ्यापासून नजर काठाकाठाने फिरवायची. मधल्या झाडाकडे किंवा घराकडे त्या सगळ्यांत शेवटी पोचत. नॉटिंगहॅमच्या एका हॉस्पिटलात एक्स-रे काढण्यात त्यांची सगळी नोकरी गेली होती. "मोडलेलं हाड काय, स्ट्रेचर ढकलणाऱ्या पोर्टरलासुद्धा दिसतं," त्या म्हणत. "कडेला काय आहे ते बघावं. आजार तिथे लपून बसतो."

मी त्यांच्या शेजारी राहायला आलो त्याच आठवड्यात त्या माझ्या दारासमोर उभं राहून माझ्या कचऱ्याच्या डब्याचा फोटो काढताना दिसल्या. मी खिडकी उघडली.

"दारावरचं नाव वाचलं. मराठी ना?"

"हो."

"तुझा डबा आज विनिपेगला जातोय. चालेल ना?"

मी विद्यापीठाच्या ग्रंथालयात काम करतो हे कळल्यावर त्या मला ग्रंथपाल म्हणू लागल्या. माझं नाव त्यांनी पुढे कधी फारसं घेतलंच नाही.

कॅनडातल्या विनिपेगला त्यांचे थोरले भाऊ राहत. दादा. दोघांचेही जोडीदार गेलेले, दोघांनाही मूल नाही. रोज सकाळी आठला कुमुदताई एक फोटो आणि खाली दोन ओळी पाठवत. दादांचा फोटो इथल्या दुपारी एकला येई. तिकडे तेव्हा सात वाजलेले असत. देखावे, सण, चेहरे यांना बंदी. ताईंकडून ट्रामच्या थांब्यावरचं ओलं बाक जाई, केमिस्टच्या दारातली रांग जाई. दादांकडून बर्फात बुडालेली सायकल येई, आणि थंडीने इंजिन गोठू नये म्हणून केबलने घराच्या प्लगला जोडून ठेवलेल्या गाड्या. 'गोठ्यात दावणीला गुरं बांधल्यासारख्या', असं दादांनी त्याखाली लिहिलं होतं.

"फोनवर आम्ही दोघंही खोटं बोलतो," ताई म्हणाल्या. "तब्येत कशी, तर ठणठणीत. फोटोत इतकं सोपं नसतं ते."

त्यांच्या स्वतःच्या फोटोत मधोमध काहीच नसे. ट्राम अर्धी डावीकडे, खांब उजवीकडे, मध्ये नुसता रस्ता. मी एकदा कारण विचारलं. "मधली जागा बघणाऱ्याला फिरायला ठेवावी," त्या म्हणाल्या.

एका फेब्रुवारीत दुपारी मी त्यांच्याकडे चहाला गेलो होतो. एकला फोटो आला: प्लगला जोडलेली दादांची गाडी. ताईंची नजर काठाने फिरली आणि खालच्या कोपऱ्यात थांबली.

"केबल पिवळी आहे."

"मग?"

"पिवळी उंदरांनी खाल्ली. या हिवाळ्यात त्याची केबल नारिंगी आहे." त्यांनी आदल्या आठवड्याचे फोटो एकेक करून मागे सरकवले. एकात कडेला शेजाऱ्याचं झाड होतं. ते तर सप्टेंबरात तोडलं होतं. "जुने फोटो पाठवतोय हा. आठवडाभर."

त्यांनी फोन लावला. दादांचा आवाज मलाही ऐकू येत होता. "काय गं, ठणठणीत आहे मी."

"छान. आता खिडकीतून दिसतंय त्याचा फोटो काढ आणि पाठव. मी थांबते."

मग फोटो आला. वरच्या मजल्यावरून दिसणारा मोठा पार्किंग लॉट, आणि उजव्या कडेला सलाइनच्या स्टँडचं एक चाक.

ताई ओरडल्या नाहीत की रडल्या नाहीत. "खिडकी बरी आहे," एवढंच म्हणाल्या. "आता रोज हीच पाठव."

दादांच्या हृदयावर एक ऑपरेशन झालं होतं. दुसरं, एक झडप बदलायचं, ऑक्टोबरात ठरलं. तोवर विमानप्रवास करायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

जुलैत कुमुदताईंचा स्वतःचा स्कॅन झाला. त्याचं चित्र त्यांनी मला दाखवलं. "हे बघ, मधोमधच आहे. कडेपर्यंत जायची गरजच पडली नाही. ग्रंथपालालासुद्धा दिसेल."

मी म्हणालो, "दादांना सांगायला हवं."

"सांगितलं तर तो ऑपरेशन टाकून विमानात बसेल. तसल्या हृदयानिशी. त्याची झडप बसेपर्यंत त्याला कळता कामा नये."

"आणि तोवर तुम्ही..."

"तोवर फोटो."

ऑगस्टभर आम्ही पुढच्या दिवसांसाठी लागणारे फोटो काढत हिंडलो. शेवटचे काही त्यांनी व्हीलचेअरमधून काढले. घरी येऊन प्रत्येकाच्या कडा तपासायच्या. झाडाचं पान दिसलं की रद्द, कारण पानावरून महिना कळतो. लांब सावली रद्द, दुकानातली सेलची पाटी रद्द. प्रत्येक फोटोच्या दोन ओळी लिहून ठेवल्या आणि मला ताकीद दिली, "तुझी साहित्यिक भर नको."

ऑक्टोबर लागला तेव्हा त्या गेल्या. ऑपरेशनला बारा दिवस होते आणि फोटोही बाराच उरले होते. इथल्या मराठी मंडळींना मी एकेक करून विनंती केली की कॅनडात कुणालाही कळवू नका. अंत्यसंस्कार झाले त्या सकाळीही आठला मी त्यांच्या फोनवरून रेल्वे पुलाची भिंत पाठवली. सख्ख्या भावापासून बहिणीचं जाणं लपवायचा अधिकार मला कुणी दिला, हा प्रश्न रोज आठला पडे आणि रोज एकला उत्तराचा फोटो आला की अधिक टोचे.

बाराव्या दिवशी दादांनी लिहिलं की ऑपरेशन चार दिवस पुढे गेलं आहे.

माझ्याकडे एकही फोटो उरला नव्हता. दुसऱ्या सकाळी फोन घेऊन मी रस्त्यावर गेलो आणि माझ्याच डब्याचा फोटो काढला. पान नाही, सावली नाही, पाटी नाही. सगळं तीनदा तपासलं. खाली लिहिलं, 'आज कचऱ्याचा वार.' एकला विनिपेगहून फक्त बर्फाने भरलेला एक रस्ता आला. ओळी नव्हत्या. उरलेले तीन आणि त्यापुढचेही रोजचे फोटो मी तसेच काढले.

ऑपरेशन नीट झालं. दादा घरी आले. आणखी आठवडाभर थांबून, काय बोलायचं ते कागदावर लिहून, मी कुमुदताईंच्या फोनवरून त्यांना फोन लावला.

"बोल, ग्रंथपाल," ते म्हणाले.

माझ्या हातातला कागद निरुपयोगी झाला.

"तुम्हाला कधी कळलं?"

"तू डबा पाठवलास तेव्हा. चांगला मधोमध उभा केला होतास, पासपोर्टच्या फोटोसारखा. कुमुदचा हात तसा नव्हता. आणि ती असती तर फोन दुसऱ्याच्या हाती गेला नसता."

"मग तुम्ही काही बोलला का नाहीत?"

"माझं ऑपरेशन व्हावं म्हणून तिने एवढं केलं होतं. जन्मभर मी तिचं काही ऐकलं नाही. म्हटलं, एवढं ऐकू." मग म्हणाले, "ऑपरेशनच्या आदल्या दिवशीचा माझा फोटो बघ. कडेला."

तो मी पाहिला होता. खिडकीबाहेरचं अंगण, बर्फ, मधे शेजाऱ्याची गाडी. आता वरच्या डाव्या कोपऱ्यापासून सुरुवात केली. खाली उजवीकडे, खिडकीच्या बाहेरच्या कट्ट्यावर स्टीलची एक छोटी ताटली होती. तिच्यावर भाताचा घास.

"दिवस कितवा ते मला ठाऊक नव्हतं," दादा म्हणाले. "आपला अंदाजाने ठेवला. कावळा आला, बरं का. इथेही येतात."

मी ताटलीवर बोट ठेवून फोटो मोठा केला.

"उद्या आठला फोटो येऊ दे," शेवटी ते म्हणाले. "आणि तो डबा जरा बाजूला घे."