न दिसणारी हळद

मेडिकलच्या काउंटरमागे बसलं की किस्से साठतच जातात. औषधं निदान एक्सपायर तरी होतात, किस्से तेही होत नाहीत! चारोटी नाक्यावर आमचं दुकान आहे. हे सगळे किस्से एकाच कॅप्सूलचे, सोळा-सतरा सालच्या सुमाराचे.

*

एका औषध कंपनीचा एमआर आला. बॅगेतून कॅप्सूलचा पिवळा डबा काढून म्हणाला, "नॅनो करक्यूमिन! आतड्याच्या सुजेवर."

"म्हणजे हळदच ना?" मी विचारलं.

"हळदीतलाच घटक, सर. पण नुसता खाल्ला तर अंगात फारसा शोषला जात नाही. आम्ही कण इतके बारीक केलेत, की डोळ्यांना दिसणारच नाहीत!"

माझी बायको सुनंदा बिल करत होती. मान वर न करताच म्हणाली, "दिसत नाहीत, तर आत घातलेत कशावरून?"

*

राऊत सर आमचं नेहमीचं गिऱ्हाईक. घर डहाणूला, चिकूच्या वाडीत, शाळा तलासरीला. त्यांना अल्सरेटिव्ह कोलायटिस. मोठ्या आतड्याला सूज, जखमा, रक्त पडायचं. चारोटीला जीप बदलताना दुकानामागच्या आमच्या संडासाकडे धावत सुटायचे. शेवटी किल्लीच त्यांच्याकडे देऊन टाकली.

एकदा दुपारी माझंच पोट बिघडलं. सुनंदा म्हणाली, "जरा दम धरा, सर शाळेतून येऊ देत!"

*

सरांनी डहाणूच्या डॉक्टरांना कॅप्सूलबद्दल विचारलं. ते म्हणाले, "चालू गोळ्यांसोबत घ्या हवं तर. गोळ्यांच्या ऐवजी नाही. अभ्यास थोडेच झालेत अजून."

सरांच्या आईचा मात्र डॉक्टर, मेडिकल, कुणावरच भरवसा नाही. मलाच येऊन विचारलं, "हळद मी रोज कालवणात घालते. मग ह्याला दुखणं लागलंच कसं?"

मी शोषणाबिषणाचं समजावलं. म्हातारी म्हणाली, "तू विकतोस, तू असंच सांगणार!"

*

कॅप्सूल सुरू केल्यावर सरांना बरं वाटू लागलं. संशय पहिल्यांदा सुनंदाला आला. "सर कॅप्सूल नेतात, गोळ्या का नेत नाहीत?"

विचारलं तर म्हणाले, "डहाणूलाच घेतो हल्ली."

मग विवळवेढ्याला महालक्ष्मीच्या जत्रेत सर मटकन खाली बसले. कपडे रक्ताने भरलेले, चेहरा पांढराफटक. आईने त्यांचं डोकं मांडीवर घेतलं होतं. आम्ही जीप करून आधी कासाचा सरकारी दवाखाना, तिथून डहाणू गाठलं.

दोन दिवसांनी सर जरा सावरल्यावर डॉक्टरांनी विचारलं, "गोळ्या कुणी बंद केल्या?"

"मीच. कॅप्सूलने बरं वाटत होतं."

"दोन्ही एकदम चालू होतं. कॅप्सूलनेच बरं वाटलं हे कशावरून ठरवलंत? सायन्स शिकवता ना तुम्ही?"

सर पडल्या पडल्या म्हणाले, "आठवीपर्यंतच, डॉक्टर."

*

गोळ्या पुन्हा सुरू झाल्या, सोबत कॅप्सूलही. पुढच्या वर्षी दुर्बिणीने तपासलं. आतडं स्वच्छ! एमआर म्हणाला, "बघा, आमची कॅप्सूल!" सर म्हणाले, गोळ्याच.

काही दिवसांनी सरांची आई दुकानात आली.

"मी डॉक्टरला तोंडावरच विचारलं. माझा पोरगा नेमका कशाने बरा झाला?"

"मग? काय म्हणाले?"

"म्हणाला, आई, ते मलाही नक्की सांगता येणार नाही."

आता डॉक्टरांचा उद्धार होणार, म्हणून मी कान टवकारले. म्हातारीने स्टूल ओढलं, हाशहुश करत बसली.

"आता माझा गुडघापण त्यालाच दाखवणार!"