सरळ केलेला सूट

चूक शिंप्याचीच होती, आणि ती त्याने फुकट केली होती. गिऱ्हाइकाने सांगितलं होतं, चेन बदला. शिंप्याने चेन बदलली आणि वर सूटही सरळ करून ठेवला.

सूट मोटारसायकलच्या शर्यतीचा होता. जाड काळं चामडं, गळ्यापासून घोट्यापर्यंत एकसंध कपडा, पाठीवर पालथ्या वाडग्याएवढं कुबड. हँगरला लावला की जमिनीवर पडलेली सुई शोधतोय असा पुढे वाकायचा. बाह्या पुढे आलेल्या, गुडघे दुमडलेले, पुढून तोकडा, मागून ऐसपैस. शिंप्याला आधी त्याची कीव आली, मग तो शिवणाऱ्याचा राग आला. कुणीतरी अडाण्याने शिवलाय, असं म्हणून तो कामाला लागला. पाठीतलं फाजील चामडं चार बोटं कापून काढलं. पुढे पोटावर तीच पट्टी जोडली. बाह्या उसवून खांद्यावरून सरळ खाली सोडल्या. कुबडही काढणार होता, पण आत कडक प्लास्टिक लागून सुई मोडली, म्हणून ते वाचलं. चौथ्या दिवशी सूट तपासणीच्या दिवशी उभ्या राहिलेल्या वर्गप्रमुखासारखा ताठ झाला.

"चेनच सांगितली होती ना त्यांनी?" बायको म्हणाली. ती त्याच दुकानात काज-बटणं करायची आणि गिऱ्हाइकाचं बोलणं नवऱ्यापेक्षा नीट ऐकायची.

"तुला नाही कळायचं. कपडा खांद्यावर उभा राहिला पाहिजे."

हे वाक्य शिंप्याच्या वडिलांचं. दुकानासोबत ते त्याला वारशाने मिळालं होतं. वडिलांनी शिवलेला एक तपकिरी चामडी कोट काचेच्या कपाटात बावीस वर्षं उभा होता, खांद्याला एक सुरकुती नव्हती. तो बघून लोक आत यायचे. अलीकडे लोक बघायचे आणि पुढे जायचे, कारण पुढच्या चौकात तयार कोट मिळायला लागले होते. चामड्याचं जड मशीन चालू होतं ते फक्त मोटारसायकलवाल्यांच्या जाकिटांवर.

दुसऱ्या दिवशी गिऱ्हाईक आलं. हा गावाबाहेरच्या ट्रॅकवर नवशिक्यांना शर्यतीची गाडी शिकवायचा. सगळे त्याला कोच म्हणत. तिशीतला, किडकिडीत, डाव्या खांद्यात स्टीलची पट्टी. त्याने सूट चढवला आणि तो आरशासमोर उभा राहिला. शिंपी मनातल्या मनात शाबासकीची वाट बघत होता. कोच तसाच बाहेर गेला, दारातल्या आपल्या गाडीवर बसला आणि हँडल धरायला वाकला. हात हँडलच्या वीतभर अलीकडे थांबले. कॉलर गळ्यात रुतली. त्याला ठसका लागला.

आत येऊन तो शांतपणे म्हणाला, "काका, हा घालून मी फोटो काढू शकतो. गाडी नाही चालवू शकत."

"जरा वापरला की सैल पडेल."

"काका, तो वाकलेलाच असतो. वाकलेल्या माणसासाठी शिवलेला असतो."

शिंपी सूटकडे बघत राहिला. बायकोने दोऱ्याचं रीळ उगाचच या डब्यातून त्या डब्यात टाकलं. करायला गेलो काय, या प्रसंगी माणसं एकमेकांकडे बघत नाहीत.

"पुढच्या शनिवारी माझी शर्यत आहे," कोच म्हणाला. "दुसरा सूट नाही. आणि ट्रॅकवरच्या आमच्या शाळेचे सतरा सूट दुरुस्तीला काढायचे आहेत. ते इथेच आणायचं मनात होतं."

सतरा सूट म्हणजे जड मशीनला वर्षभराचं काम. ते गेलं तर मशीन विकायचं, हे नवरा-बायकोत न बोलता ठरलेलं होतं.

"मी परत वाकवून देतो," शिंपी म्हणाला.

"कुठे किती, कसं कळणार?"

"माप घेतो की."

"उभ्याने?"

शिंप्याची टेप गळ्यातच राहिली. कोचने थोडा विचार केला. "असं करा. परवा रविवारी शाळेतच या. दिवसभर सूट घाला, गाडी चालवा, मग सांगा कुठे किती. एकाचा पाय मोडलाय, त्याची जागा रिकामी आहे."

"ट्रॅकवर मोडला?" बायकोने विचारलं.

"नाही हो. बाथरूममध्ये."

शिंप्याला गाडी नवी नव्हती. सव्वीस वर्षं तो मोटारसायकल चालवत होता, साठच्या पुढे काटा एकदाच गेला होता, तोही उतारावर. रविवारी सकाळी सातला तो बिघडवलेला सूट पिशवीत घालून ट्रॅकवर पोचला. पत्र्याची शेड, टायरची चळत, पेट्रोलचा वास, पलीकडे राखाडी रस्ता, जो कुठेच जात नव्हता, फिरून परत शेडपाशी येत होता. फॉर्मवर रक्तगट विचारला होता, आणि काही झाल्यास कुणाला कळवायचं ते. त्याने बायकोचं नाव लिहिलं आणि पुढे कंसात 'शक्यतो दुपारी दोननंतर' असं घातलं. ती दुपारची झोप मोडलेली खपवून घेत नसे.

शिकायला आठ जण होते. सहा जण त्याच्या निम्म्या वयाचे. त्याच्या शेजारी दातांची डॉक्टर होती, पस्तिशीची. शाळेचे सूट घालून सगळे उन्हात उभे राहिले तेव्हा ती रांग कंबरदुखीच्या दवाखान्याबाहेरची वाटत होती. शिंप्याच्या खांद्यात, गुडघ्यात, मानेत सगळीकडे ओढ बसत होती. त्याने डॉक्टरच्या बाहीची शिवण चिमटीत धरून बघितली.

"काका, माझी बाही आहे ती," डॉक्टर म्हणाली.

"उलटी बसवलीय," शिंपी म्हणाला, आणि मग आपण इथे का आलोय ते आठवून त्याने बाही सोडली.

गाड्यांचे आरसे काढलेले होते. दिव्यांवर आणि इंडिकेटरवर चिकटपट्टी. कोचने पिवळा झेंडा म्हणजे सावकाश, लाल म्हणजे परत या, असं सगळं सांगितलं आणि शेवटी म्हणाला, "मागे बघायचं नाही. मागच्याची काळजी मागचाच घेतो. तुम्ही जिथे जायचंय तिथे बघा, गाडी येते."

बावीस वर्षं संसार केलेल्या माणसाला मागे बघायचं नाही ही गोष्ट पचायला जड गेली.

पहिल्या वीस मिनिटांच्या खेपेत डॉक्टर त्याला तीनदा ओलांडून गेली. दुसऱ्या वळणावर त्याचा अंगठा इंडिकेटर शोधत राहिला. तो चिकटपट्टीखाली आहे हे लक्षात आल्यावर शिंप्याने सवयीने उजवा हात बाहेर काढून वळणार असल्याचं रीतसर कळवलं. शेडमध्ये परतल्यावर कोचने विचारलं, "काका, कुणाला हात दाखवत होतात? तिथे वळण्याशिवाय दुसरी सोयच नाही."

"मागच्याला."

"मागचा कधीच पुढे गेला होता."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. दिवसभर त्याला येता-जाता सगळे हात दाखवत राहिले.

दोन खेपांच्या मध्ये कोचने एक गाडी स्टँडवर उभी केली आणि एकेकाला तिच्यावर बसवून वाकायला शिकवलं. हनुवटी टाकीजवळ, कोपर सैल, गुडघा टाकीला घट्ट. शिंप्याला वाकताना वाटलं, आता पाठीत शिवण उसवणार. पण तो अर्धाच वाकला होता. "अजून," कोच म्हणाला. "अजून, काका. तुम्ही पुढाऱ्याला नमस्कार केल्यासारखे वाकताय."

तिसऱ्या खेपेला सरळ रस्ता आला तेव्हा शिंप्याने हनुवटी खरोखरच टाकीपर्यंत नेली. वाऱ्याचा आवाज डोक्यावरून निघून गेला. आणि सकाळपासून अंगात जिथे जिथे ओढ बसत होती तिथली ओढ एकदम गेली. बाही मनगटावर बरोबर थांबली. पाठीतल्या त्या फाजील चामड्याची एकही चुणी राहिली नाही. कपडा बसला होता. वडिलांचा कोटही कुणाच्या अंगावर असा बसलेला त्याने पाहिला नव्हता. काखेतली शिवण नेमकी किती फिरवलीय, याचा तो बोटं न लावता अंदाज घेऊ लागला.

ब्रेक लावायची पाटी त्याच नादात मागे गेली.

वळण डावीकडे गेलं, शिंपी सरळ गेला. कडेच्या खडीत गाडी रुतत रुतत हळू झाली, अगदी थांबली, आणि मग थकल्यासारखी आडवी झाली. शिंपीही तिच्यासोबत आडवा. पिवळा झेंडा हलला. कोच धावत आला.

"कुठे लागलं?"

"खांद्याच्या मागे आणि काखेत. वाकेपर्यंत लागत होतं, वाकलो आणि सुटलं."

"मी दुखापतीचं विचारतोय, काका."

"ते काही नाही." शिंप्याने उठून आधी कोपराची शिवण तपासली. टाका गेला नव्हता.

संध्याकाळपर्यंत अजून दोन खेपा होत्या. त्यातली चौथी खेप पडलेली गाडी तपासण्यात गेली. शेवटच्या खेपेला नियम असा होता की कोच एकेकाच्या मागे राहून त्याला पूर्ण वीस मिनिटं बघतो. शिंप्याची पाळी शेवटी होती. हेल्मेट डोक्यावर चढवून झालं होतं. पण माप घेण्याएवढा वेळ कोच दिवसभरात मोकळा सापडला नव्हता, आणि शर्यतीला सहाच दिवस उरले होते. शिंप्याने हेल्मेट काढलं.

"तुम्हीच बसा," तो म्हणाला. "तो बिघडवलेला सूट घाला आणि स्टँडवरच्या गाडीवर बसा. वाका. अजून. पुढाऱ्याला नमस्कार नको."

कोच वाकला तेव्हा श्वास कोंडून लाल झाला. शिंप्याने खडूने खुणा केल्या, मग त्याला सूटमधून बाहेर काढून बनियनवर पुन्हा वाकवलं आणि मानेपासून माकडहाडापर्यंत टेप धरली. उभ्याने एक माप, वाकून दुसरं. फरक चार बोटांचा निघाला. कापलं होतं तेवढाच.

"काका, तुमची वीस मिनिटं माझ्याकडे राहिली," कोच म्हणाला.

"असू द्या. हलू नका."

घरी आल्यावर खरी अडचण कळली. चामड्याला सुईचं भोक पडलं की ते बुजत नाही, आणि पोटावर लावलेल्या पट्टीच्या कडांची चाळण झाली होती, त्यामुळे पाठीत नवीन तुकडा घालणं आलं. दुकानातलं काळं चामडं जाकिटांचं, पातळ. कोच गाडीवरून पडला तर कागदासारखं फाटेल. तेवढं जाड चामडं दुकानात एकाच ठिकाणी होतं. शिंप्याने काचेच्या कपाटाचं दार उघडलं.

"मामंजींचा कोट," बायको म्हणाली.

"हो."

"कपाट रिकामं दिसेल."

"बावीस वर्षांत त्या कोटात कुणी बसलंसुद्धा नाही," शिंपी म्हणाला आणि कोटाच्या पाठीवर खडूने रेघ मारली. बायकोने कात्री दिली, आणि ज्या हातात दिली त्याच्याकडे न बघता काजं करायला वळली.

शनिवारी दोघं तारेच्या कुंपणाबाहेर उभी होती. वीसेक गाड्या एकाच आवाजात गेल्या. काळे सूट सगळे सारखेच, पण एकाच्या पाठीवर तपकिरी पट्टा होता, कुणी भाजून घेतल्यासारखा. बायकोला शर्यतीतलं काही कळत नव्हतं. प्रत्येक फेरीला ती एवढंच विचारत होती, "आपला पट्टा गेला का?" आपला पट्टा सहावा आला. पाठीतला टाका जाग्यावर होता. कोच कुंपणापाशी आला, हेल्मेट काढलं आणि म्हणाला, "सोमवारी पाठवतो."

सोमवारी टेंपोतून सतरा सूट आले, वाकलेले.

आता शिंपी कुणालाही नुसतं उभ्याने माप घेऊन सोडत नाही. परवा बँकेतला एक साहेब कोटाचं माप द्यायला आला, त्यालाही स्टुलावर बसवून विचारलं, "दिवसभर असेच बसता, की पुढे झुकून?" साहेब चमकला. बायको म्हणाली, "सांगून टाका, नाहीतर तुमच्यासोबत बँकेत येतील."

कोच महिन्यातून दोनदा सूट न्यायला येतो आणि दर वेळी राहिलेल्या खेपेची आठवण करून देतो. कधी तुकडी भरलेली असते, कधी ट्रॅकचं डांबर उकरलेलं असतं, कधी शिंप्याकडेच काम फार असतं.

"काका, तुमची वीस मिनिटं द्यायची राहिलीत हं," तो परवाही म्हणाला.

शिंपी त्याच्या कोपराची चुणी तपासत होता. "माहितीय," तो म्हणाला. "जरा वाका."