जिभेखालची गाठ

माझी जीभ हेच माझं भांडवल होतं, हे आधीच सांगून टाकते. आम्ही शिरूरचे कासार. गावोगाव फिरून बायकांना काचेच्या बांगड्या भरायच्या हा आमचा धंदा. या धंद्यात माल नंतर, बोलणं आधी. बाई धास्तावली की हात ताठरतो, अंगठ्याखालचं हाड वर येतं आणि बांगडी पिचते. भरताना पिचलेली बांगडी कासारणीच्या खाती, गिऱ्हाइकाच्या नाही. म्हणून हात हातात घेतला की माझी टकळी सुरू व्हायची. माहेर कुठलं, ज्वारी कशी आलीय, सासू जेवू घालते का नुसती बघते! उत्तराची वाट बघायला मला सवड नसायची. बाई हसली की हात मऊ पडायचा आणि बांगडी मनगटात गेलेली तिलाच कळायची नाही. माझ्या जिभेला हाड नाही असं सासूबाई म्हणायच्या. बोलेल त्याची बोरं विकतात, हेही त्यांनीच शिकवलं होतं.

एका उन्हाळ्यात त्याच जिभेखाली गाठ आली. बोराएवढी, निळसर, मऊ. दुखायची नाही, पण जीभ वर उचलू द्यायची नाही. बोलणं पार बोबडं झालं. चकलांब्याच्या बाजारात एका पाटलीणबाईंनी विचारलं, "तोंडात पान धरलंय का गं?" सगळ्या हसल्या, पण हात काही सैल सुटले नाहीत. त्या दिवशी इतकी काच पिचली की मी बांगड्यांच्या माळा गुंडाळून झाडाखाली जाऊन रडले. लोक म्हणत, वाईट रोग असेल, मरशील. मला मरणाची एवढी भीती नव्हती. भीती होती ती मुकी कासारीण होऊन जगायची.

सासूबाईंनी आधी वैदू गाठला. त्यानं बाभळीच्या काट्यानं गाठ टोचली, आतून अंड्याच्या पांढऱ्यासारखं चिकट पाणी आलं आणि मी खडखडीत बोलू लागले. वैदूला सुगीत ज्वारी देऊ असं आम्ही कबूल केलं होतं. सुगी यायच्या आत गाठ पुन्हा भरली.

"भरनारच," सासूबाई म्हणाल्या. "वैदाचं दिल्याबिगर गुन टिकत न्हाई. आपुन देनं लांबिवलं."

मला ते अगदी पटलं. आमच्याकडं लहानथोर सगळ्यांचाच त्यावर विश्वास होता.

मग बैलगाडी करून आम्ही बीडला सरकारी दवाखान्यात गेलो. डॉक्टर हैदराबादकडचे, दाढीवाले, शांत. त्यांनी जीभ उचलून पाहिलं आणि म्हणाले, "डरने की बात नईं. थूक की थैली भर गई है, बस." नळी तुंबून थुंकी साचते, त्यानं जिवाला धोका नसतो, हे त्यांनी सासूबाईंना समजावून सांगितलं. नुसतं टोचलं तर भोक मिटतं आणि पिशवी पुन्हा भरते, म्हणून वरची कातडी कापून कडा शिवायच्या. जिभेखाली कसलं तरी औषध लावलं, तोंड बधिर झालं. कात्रीचा आवाज तेवढा ऐकू आला. जखम सुकेपर्यंत बोलायचं नाही, अशी ताकीद मिळाली.

सासूबाईंनी कनवटीला हात घातला, तर डॉक्टर म्हणाले, "सरकारी दवाखाना है, पैसा नईं लगता."

सासूबाईंचा चेहरा उतरला. बाहेर येऊन म्हणाल्या, "फुकाट घेतलं तर परत भरंल की गं!" मलाही तीच धास्ती पडली. त्या पुन्हा आत गेल्या आणि डॉक्टरांच्या घरी बांगड्या भरायची परवानगी घेऊन आल्या. मला बजावलं, "रोग तुजा, मोबदला तुज्याच हातानं. आन् यक बी पिचू देऊ नगं. पिचली की समद्यावर पानी."

घर पडद्याचं, आत बायकाच जाणार. डॉक्टरांची बायको वयानं माझ्याएवढीच. हात गोरा आणि लाकडासारखा कडक. माझं तोंड शिवलेलं. हिरवी बांगडी तिच्या बोटांवर टेकवली आणि तिथंच अडले. जन्मात पहिल्यांदा मला त्या हाताचं काय करावं सुचेना.

"बोलती नईं क्या?" तिनं विचारलं. मी तोंडाकडं बोट दाखवलं.

ती हसली. "मेरेकू जबान है, तो यहाँ बात करने कोई नईं." आणि ती बोलू लागली. हैदराबादेतलं अंगण, तिथली चिंच, लग्नाची राहिलेली धाकटी बहीण, आईचं आजारपण. बोलता बोलता तिचे डोळे भरले. तिची बोली मला सगळी कळत होती, आणि उत्तर देता येत नव्हतं म्हणून मी फक्त तिच्याकडं बघत ऐकत राहिले. किती वेळ गेला कोण जाणे. खाली पाहिलं तर तिचा हात माझ्या हातात तिंबलेल्या पिठासारखा मऊ पडला होता. बांगड्या एकामागून एक आत गेल्या. एकही पिचली नाही. निघताना तिनं माझी बोटं सोडली नाहीत, "फिर आना," म्हणाली.

गाठ पुन्हा कधी आली नाही. मोबदला पोचला म्हणून, असं सासूबाई शेवटपर्यंत सांगत राहिल्या, आणि मी त्यांचं म्हणणं कधी खोडलं नाही. जखम सुकली, जीभ मोकळी झाली. पुढच्या चकलांब्याच्या बाजारी त्याच पाटलीणबाई हात पुढं करून बसल्या. मी हात हातात घेतला, "माहेर कुठलं?" म्हणून विचारलं, आणि बांगडी तशीच धरून त्या काय सांगतात ते ऐकत बसले.