सागवनातले वळण

धानाच्या ओल्या तणसाचा वास आला, की अहेरीजवळच्या त्या हिवाळी सकाळचा संताप पुन्हा उसळतो. जिल्ह्याच्या शर्यतीत पहिली येणारी एकच मुलगी राज्य स्पर्धेसाठी पुण्याला जाणार होती, आणि वर्षभर रोज पहाटे मी पळवलेली माझी विद्यार्थिनी सागवनाच्या वळणापर्यंत सर्वांच्या पुढे होती. कापणी झालेल्या धानाच्या बांधीत, अंतिम रेषेपाशी, मी घड्याळ मुठीत आवळून उभी होते. झाडांतून एकेक करून परक्या शाळांच्या मुली बाहेर पडल्या. ती सर्वांत शेवटी आली; आमच्याच शाळेची मैत्रीण वळणावर मागे दिसेना म्हणून परत फिरलेली, आणि आता पाय मुरगळलेल्या त्या पोरीला खांद्याचा आधार देत सावकाश चालणारी. शेजारचे शिक्षक हसले, “बाई, तुमची हरणी तं वरातीत चालून राह्यली!” मी तिच्यावर ओरडले, “सरपणाला आलीस का इथे? तिला सोडून पळायचे होतेस!” दवाने भिजलेले तिचे अनवाणी पाय थबकले. ती पुण्याला गेली असती, हे मी आजही स्वतःशी घोकते, आणि दर वेळी तिचा तो एकच चकित शब्द आड येतो : “जंगलात?”