मी ‘बंद’ लिहिलेलं घर

माझ्या डोळ्यांदेखत त्यांनी टाकी रिकामी केली. गच्चीवरची, हजार लिटरची. मी फक्त झाकण उघडून टॉर्चने आत पाहिलं होतं आणि लांब दांड्याच्या पळीने थोडं पाणी काढून बशीत बघितलं होतं. अळी नव्हती. तेच सांगायला खाली आले.

गळ्यातलं ओळखपत्र उलटं लटकत होतं. “सरळ करा जरा,” बंगल्याच्या मालकीणबाई म्हणाल्या. मी सरळ केलं. त्यांनी आडनाव वाचलं.

“हात घातला होता का पाण्यात?”

“पळी घातली.”

“हिरा, वरचा व्हॉल्व सोड. सगळी रिकामी कर.” मग माझ्याकडे बघून हसल्या. “तसलं काही मनात आणू नका हं. आमच्याकडे सोवळं असतं. देवाचं पाणी त्याच टाकीतून येतं.”

तसलं म्हणजे कसलं, हे मी विचारलं नाही. पायरीवर उभी राहिले. पाइपातून पाणी धो धो वाहत होतं आणि मी ते बघत होते.

मी डेंग्यूच्या अळ्या शोधते. शोधत होते. शहराच्या आरोग्य खात्यासाठी, पण ठेकेदारामार्फत. अकरा महिन्यांची ऑर्डर, मग पुन्हा नवी. लोक आम्हाला ‘डासवाल्या बाई’ म्हणतात. माझे वडील कारकून होते. आमच्या बौद्ध कॉलनीत पोरींना शिकवण्यावरून कधी वाद झाला नाही. मान खाली घालायची नाही, हेही घरातच शिकले. सेहेचाळिसाव्या वर्षी त्या पायरीवर ते सगळं शिकलेलं कुठे गेलं, मला माहीत नाही.

हिरा त्या बंगल्यात कामाला होती. पेठ तालुक्यातल्या आदिवासी पाड्यावरची. नवरा गवंड्याच्या हाताखाली जायचा. दोघं बंगल्याच्या मागच्या खोलीत राहायची. फरशी तिने पुसायची, भांडी तिने घासायची, पण घरातल्या नळाला पिण्याच्या पाण्यासाठी तिने हात लावायचा नाही. तिचं पिंप वेगळं, मागच्या भिंतीला टेकवलेलं. झाकण नव्हतं. मालकीणबाई बागेचा पाइप देतील तेव्हा ते भरायचं.

टाकीचं पाणी वाया चाललेलं बघून हिराने पाइप ओढून पिंपात सोडला.

“तुमच्या हातचं पानी मला चालतं, बाई,” ती हळूच म्हणाली. “मला काय सोवळं नाय. अंघोळ करायलाच वेळ भेटत नाय तर सोवळं कधी पाळू!”

मी हसले नाही. कामाचं तेवढं बोलले. “याच्यावर कापड बांध. आठवड्याला एकदा ओतून, घासून कोरडं कर.”

“ओतलं तर परत कशानं भरू? पाइप काय रोज भेटतो?”

तिचं बरोबर होतं. अशा पाण्यात आम्ही अळी मारायचं औषध टाकतो. पण बाटली अकरा वाजताच संपली होती. त्या वर्षी निधी अडकला होता. औषध मोजून मिळायचं, माणसं अर्धीच होती, घरं मात्र तेवढीच. “पुढच्या फेरीला टाकते,” मी म्हणाले.

दुपारी पर्यवेक्षकांना टाकीची गोष्ट सांगितली. ते पोटभर हसले. “बरं झालं की, ताई! कोरडा दिवस पाळला त्यांनी. आपण बोंबलून सांगतो तरी लोक टाकी रिकामी करत नाहीत. लिहा, नागरिकांचं उत्तम सहकार्य.”

बाकीच्या बायका हसल्या. मीही हसले. हे लिहायची लाज वाटते, पण हसले.

आता आमच्या कामाची एक पद्धत सांगते. कुणी दारातून हाकललं तर रकान्यात ‘नकार’ लिहायचा असतो. पण ‘नकार’ लिहिला की वेगळा अर्ज, मग नोटीस, मग नोटीस द्यायला माणूस. माणूस नाही. शिवाय ‘नकार’ जास्त झाले की वरून विचारणा होते. म्हणून पर्यवेक्षक तोंडी सांगतात, “बंद लिहा आणि पुढे चला.” बंद घराचा दोष कुणालाच लागत नाही. सगळ्याजणी तेच करतात. नव्या आलेल्या पोरींना मीच शिकवलंय.

पुढच्या फेरीला मी त्या बंगल्याची बेल वाजवली नाही. ‘बंद’ लिहिलं. त्याच्या पुढच्या फेरीलाही. तिसऱ्या वेळी फाटकापाशी रकाना भरत होते तेव्हा हिराने मागून पाहिलं. धावत आली.

“बाई, औषध आनलं का? पानी काढताना काय बाय वळवळतंय त्याच्यात.”

“नाही. पुढच्या वेळी.”

त्या दिवशी औषध माझ्या पिशवीत होतं. बाटली जवळजवळ भरलेली.

मला त्या दारातून आत जायचं नव्हतं. एवढंच. मालकीणबाई पुन्हा ओळखपत्र सरळ करायला सांगतील, या वेळी पिंपसुद्धा ओतायला लावतील, असं काहीतरी डोक्यात होतं. माझा राग त्यांच्यावर होता. भोगला हिराने.

तीन आठवड्यांनी तापाच्या रुग्णांच्या यादीत तो पत्ता आला. वाटलं, बंगल्यातलं कुणीतरी असेल. नाव हिराचं होतं. सरकारी दवाखान्यात गेले तेव्हा ती बोलत नव्हती. नवरा बाकावर बसला होता. मला ओळखत नव्हता, ओळखपत्राची पट्टी बघून उठून उभा राहिला.

“तुमीच का त्या बाई? ती म्हनायची, बाई औषध टाकनार हाय.”

हिरा दुसऱ्या दिवशी गेली.

मग आमचं खातं त्या बंगल्यात आलं. अधिकारी आले, धुराचं मशीन आलं, पांढरी पावडर आली. फाटक सताड उघडं होतं, कुणी कुणाचं आडनाव वाचलं नाही. पिंपातून पळी मी भरली. बशीत अळ्या मोजायची गरज नव्हती, पाणीच हलत होतं. हे पाणी तेव्हाच बघितलं असतं तर दोन मिनिटांचं काम होतं.

हिराच्या नवऱ्याने कुणाकडून तरी अर्ज लिहून घेतला आणि कार्यालयात दिला. एकच प्रश्न होता त्यात: आमच्या पिंपात औषध का टाकलं नाही? अधिकाऱ्यांनी सगळ्यांना बोलावलं. मालकीणबाई आणि त्यांचे यजमान खुर्चीवर. त्यांच्यासाठी चहा आला. मी उभी, हिराचा नवरा दाराशी उभा.

“त्या एका दिवसानंतर आमच्याकडे कुणी आलंच नाही,” मालकीणबाई म्हणाल्या. “आलं असतं तर अडवलं असतं का आम्ही?”

साहेबांनी माझी नोंदवही उघडली. बंद. बंद. बंद. त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण गेला.

“ताई तीनदा आल्या होत्या, मॅडम. घर बंद होतं.”

मालकीणबाईंनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं. “हो, बरोबर. पुण्याला मुलाकडे होतो ना आम्ही.”

तीनही वेळा घरात त्यांचा टीव्ही चालू होता. फाटकापर्यंत ऐकू यायचा.

“मग हिरा कुठे होती?” मी विचारलं.

“ती काय, मागे असायची.”

म्हणजे हिरा मागे राहत होती आणि घर बंद होतं. दोन्ही एकाच वेळी खरं होतं, त्या खोलीतल्या सगळ्यांना चालत होतं. आणि ते माझ्या अक्षरात लिहिलेलं होतं. मला वाटत होतं, ‘बंद’ लिहून मी माझा अपमान टाळते. मी त्यांना कवच करून देत होते.

साहेबांनी कोरा कागद पुढे केला. “ताई, एवढंच लिहा. घर बंद असल्याने तपासणी होऊ शकली नाही. विषय संपला.”

“मी हे लिहिणार नाही.”

“लिहा हो. तुमच्याच भल्याचं आहे. ऑर्डर पुढच्या महिन्यात संपतेय तुमची.”

मी कागद घेतला. उभ्यानेच कपाटावर ठेवून लिहिला. पहिल्या फेरीला पिंप उघडं दिसलं, औषध संपलं होतं. या घरात माझं आडनाव वाचून पाण्याची टाकी रिकामी करण्यात आली. त्यानंतर मी तीन वेळा घर उघडं असताना ‘बंद’ लिहिलं. तिसऱ्या वेळी औषध माझ्याजवळ होतं. मयत बाईने मागितलं होतं. मी दिलं नाही.

साहेबांनी वाचलं. “वेड लागलंय का? स्वतःचाच गळा कापताय.”

मालकीणबाई चहा अर्धा ठेवून उठल्या. हिराचा नवरा माझ्याकडे बघत होता. त्याच्या नजरेत आभार नव्हते. असायचं कारणही नव्हतं.

पुढे काय झालं ते थोडक्यात. माझी ऑर्डर निघाली नाही. अर्जावर ‘कार्यवाही पूर्ण’ असा शेरा पडला. बंगल्याला नोटीस गेली नाही. हिराचा नवरा पाड्यावर परत गेला. मागच्या खोलीत दुसरं जोडपं आलंय म्हणतात. मी यातलं काहीही थांबवू शकले नाही.

गेल्या आठवड्यात बसने पेठला जाऊन पाडा शोधत गेले. हिराच्या नवऱ्याला सांगितलं की वरच्या कार्यालयात पुन्हा अर्ज कर, खाली साक्षीदार म्हणून माझी सही घे. तो म्हणाला, “तुमचं नाव पन येईल की त्यात.”

“येऊ दे,” मी म्हणाले. “पहिलं माझंच लिही. मालकीणबाईंचं त्याच्या खाली. आणि खात्याचं त्याच्या खाली. एकही गाळायचं नाही.”