मामीची लाथ

आजारी पडण्यासाठी जिवाचं रान करणारा माणूस उभ्या आयुष्यात मी एकच पाहिला आणि तो माझा सख्खा आतेभाऊ निघाला. लोक देवाकडे नोकरी मागतात, मूलबाळ मागतात. हा ताप मागायचा. त्याला कारण होतं. पारंपरिक उपचार, नाच आणि हस्तकला या तिन्हींबाबत जगभरच्या समाजांची तुलना करणारा प्रबंध तो डॉक्टरेटसाठी लिहीत होता. यातला एकेक विषय साध्या माणसाला जन्मभर पुरला असता, पण थोडक्यात भागवायची आमच्या घराण्यात पद्धत नाही. आत्या तो लहान असतानाच गेली, तेव्हापासून तो आमच्याकडेच वाढला. गिरगावची खोली सोडून आम्ही वाशीच्या नव्या वसाहतीत राहायला आलो, तेव्हा टेम्पोत आमच्या भांड्यांपेक्षा त्याचे मुखवटे, ढोल, सुपं आणि पाल्याच्या पुरचुंड्याच जास्त होत्या.

हस्तकलेचा अभ्यास म्हणजे ती स्वतः करून बघणं, असं त्याचं ठाम मत होतं. तुर्भ्याच्या बाजूला बुरूड टोपल्या विणत बसत, त्यांच्यात बसून त्यानेही एक विणली. तिच्यात काय ठेवायचं हे शेवटपर्यंत ठरलं नाही, कारण खाली ठेवली की ती आपोआप कलंडायची. "ही कुठल्या देशाची?" असं वडिलांनी विचारलं, तर हा गंभीरपणे म्हणाला, "मामा, ही अजून कुठल्याच देशाची नाही." नाचाची तऱ्हा त्याहून वेगळी. रोज सकाळी गच्चीवर तो कुठल्याशा बेटावरचा, पाऊस पाडायचा नाच करायचा आणि खालच्या मजल्यावर सोसायटीच्या सेक्रेटरींच्या चहात छताचे पोपडे पडायचे. एकदा ते तावातावाने वर आले. वसाहतीत तेव्हा पाण्याची रोजचीच बोंब. थोडा वेळ त्यांनी नाच पाहिला आणि म्हणाले, "आभाळाचं टेन्शन नंतर घ्या, आधी टाकीत पडतंय का बघा." दुसऱ्या दिवसापासून आतेभाऊ टाकीभोवती नाचू लागला.

गाडी अडली ती उपचारांच्या प्रकरणाशी. त्याच्या सरांनी स्वच्छ सांगितलं, "ऐकीव माहिती पुरे झाली. रोगी होऊन, उपचार अंगावर घेऊन लिहा, नाहीतर पदवी विसरा." आणि याची तब्येत तर ठणठणीत. मग तो ओल्या डोक्याने पंख्याखाली झोपला, कावीळ झालेल्यांच्या घरी जाऊन मागून मागून पाणी प्यायला, संध्याकाळी खाडीच्या काठी सदरा काढून डासांपुढे बसला. डास दमले, याला साधी शिंक नाही. शेजारच्या काकू त्याच्याकडे बोट दाखवून आपल्या मुलांना पालेभाजी खायला लावायच्या. तो मात्र आतून खचत चालला होता. "सगळी उमेदीची वर्षं यात घातली रे," तो एकदा मला म्हणाला, "आणि साधं पडसं साथ देईना." तेव्हा मला हसू आलं नाही. ती पदवी त्याला खरोखरच हवी होती.

शेवटी टाकीभोवती नाचताना एका गिरकीला त्याच्या पाठीत उसण भरली. वाकला तो वाकलेलाच राहिला आणि त्याच अवस्थेत जिना उतरून त्याने दार वाजवलं. "मामी, भरली एकदाची," तो म्हणाला. चेहऱ्यावर नुसता आनंद. आमची आई पायाळू, म्हणजे जन्मताना पायांकडून बाहेर आलेली, आणि अशा माणसाने पाठीवर लाथ मारली की उसण जाते, हे सगळ्यांना ठाऊक. गिरगावात चांगले चांगले लोक आंघोळ करून आईची लाथ खायला यायचे. आई पदर खोचून बेताची लाथ मारायची आणि माणूस वडीलधारा असला तर लगेच वाकून त्याच्या पायाही पडायची.

पण त्या दिवशी ती हटून बसली. "भाच्याला मारलं तर मामाचे हात थरथर कापायला लागतात. मग मामीचे पाय राहतील का धड? आणि आई नसलेल्या लेकराला मी लाथ घालू?" वडील म्हणाले, "दुखण्याची गोळी घे आणि गप पड." "गोळी घेतली की प्रकरण बुडालं, मामा," जमिनीवरून आवाज आला. तो पालथा पडल्या पडल्या आईला पटवत होता, की अमुक देशात रोग्याच्या पाठीवर सरळ चालतात. आई म्हणाली, "ते त्यांचे भाचे नसतील."

एव्हाना वाशीगावची मासळीवाली दारात टोपली उतरवून हे सगळं ऐकत उभी होती. "एवरा काय त्यात?" ती म्हणाली. "पोर मना इक. माजा झाला की तुजा भाचा रेला नाय. मंग मार लाथ, नि घे परत." मुलं जगत नसली की नवं मूल असं नावापुरतं दुसऱ्याला विकायची रीत आईलाही माहीत होती. तिने खूप विचार केला, मग मान डोलावली. मूठभर सुकटीला सौदा ठरला. "सुकट जास्त दिली तिने," वडील म्हणाले. आईने सुकट पदरात घेतली, डोळे मिटले आणि लाथ मारली.

आतेभाऊ उठून ताठ उभा राहिला. संशोधनाच्या सवयीप्रमाणे, मारताना नेमकं काय वाटलं हे विचारायला तो आईकडे वळला. आई रडत होती. पदरातली सुकट घाईघाईने टोपलीत परत टाकत होती आणि म्हणत होती, "दे माझा मला. आधी दे." मासळीवालीही गांगरली. "घे गो बाय, तुजाच हाय तो," ती म्हणाली. आतेभाऊ तिथेच आईच्या पायांशी बसला.

ते प्रकरण लिहायला त्याला एक संध्याकाळ पुरली असती. त्याने ते लिहिलं नाही. मी खोदून विचारलं तेव्हा म्हणाला, "उसण गेली हे लिहीन रे. पण मग मामी रडली तेही लिहावं लागेल, आणि ते मी परीक्षकांना वाचायला देणार नाही." सरांनी प्रबंध अपुरा म्हणून परत केला. पुढे तो तुर्भ्याच्या एका कारखान्यात स्टोअरकीपर म्हणून लागला आणि तिथूनच निवृत्त झाला. पदवी राहिली हे आईला आम्ही कधी कळू दिलं नाही. मिळालीच असं ती धरून चालली होती. घरी कुणी आलं की शेवटपर्यंत ती कौतुकाने सांगायची, "हे आमचे डॉक्टर," आणि तोही मान खाली घालून हसायचा. आई गेल्यापासून त्याला तसं म्हणणारं कुणी उरलेलं नाही.